'मी गोळी दिलो' : मराठी शिकणाऱ्यांची ही चूक परत परत का येते आणि ती कशी काढायची

तक्रार नेहमीची आहे. नियम शिकवून झाला, वहीत उतरवून झाला, चाचणीत जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच तीच सिस्टर म्हणते, 'मॅडम, मी पेशंटला गोळी दिलो.' पुढच्या आठवड्यात पुन्हा नियम, पुन्हा वही, पुन्हा 'दिलो'. मी मिरजेत नोकरदार मंडळींसाठी संध्याकाळचे मराठी बोलण्याचे वर्ग घेते. केरळहून आलेल्या नर्सेस, कन्नड बोलणारे दुकानदार, सांगलीच्या हळदीच्या अडतीत आणि कुपवाड एमआयडीसीत काम करणारी बिहार-उत्तर प्रदेशची मुलं, लग्न होऊन इकडे आलेल्या गुजराती सुना, असे सगळे एकाच बाकावर बसतात. भूतकाळ आला की सगळे सारखेच अडखळतात, असं वाटतं.

पण जवळ जाऊन ऐकलं की अडखळण्याची जागा प्रत्येकाची निराळी असते. कोणाला वस्तूचं लिंग माहीत नसतं. कोणाला लिंग माहीत असतं, पण क्रियापद कर्त्यामागे नेण्याची सवय जात नाही. कोणाला दोन्ही येतं, फक्त बोलण्याच्या ओघात हातचं सुटतं. आणि कोणी शेजारीपाजारी जे ऐकतो तेच बोलत असतो. या चौघांना एकच नियम चौथ्यांदा सांगून चौघांपैकी एखाद्याचाच फायदा होतो. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

नियम थोडक्यात

अकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याप्रमाणे बदलतं: मी गेलो, ती गेली, पाणी गेलं. सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं: त्याने डबा आणला, त्याने भाकरी आणली, त्याने दूध आणलं. इथे कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागतो, पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना तो लागलेला दिसत नाही. कर्मालाच 'ला' लागला तर क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं: तिने मुलीला उठवलं. शाळेत यालाच कर्तरी, कर्मणी, भावे म्हणून शिकवतात.

शाळेतल्या व्याकरणाबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. विल्यम केरी यांनी 1805 साली मराठीचं व्याकरण छापलं ते मराठी न येणाऱ्या इंग्रजांसाठी. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं 1836 सालचं व्याकरण मराठी घरातल्या मुलांसाठी होतं. आपलं शालेय व्याकरण आजही दादोबांच्या वाटेने चालतं, म्हणजे भाषा येतेच असं धरून चालतं. 'प्रयोग ओळखा' या प्रश्नात वाक्य तयार दिलेलं असतं, मुलाने फक्त नाव सांगायचं. परक्या भाषेतून आलेल्या माणसाची अडचण नेमकी उलटी आहे. त्याला 'कर्मणी' हे नाव दहा मिनिटांत पाठ होतं, वाक्य काही केल्या तयार होत नाही. त्यामुळे 'प्रयोग ओळखा' सोडवून घेणं हा या चुकीवरचा उपाय होऊ शकत नाही, कितीही पानं सोडवली तरी.

दहा मिनिटांची तपासणी

विद्यार्थ्याला एकट्याला घ्या. परीक्षा वाटू देऊ नका, गप्पा वाटू द्या.

आधी क्रियापद अजिबात आणू नका. वस्तू दाखवा आणि 'माझा, माझी, माझं' यातलं एक लावायला सांगा: डबा, पिशवी, औषध, चहा, फाईल, पाणी, आवाज, गोळी. 'तो, ती, ते' विचारू नका, कारण ते तक्ता पाठ करून येतं आणि खरी माहिती झाकली जाते. 'माझी पिशवी' मात्र कानावर पडूनच येतं. इथेच निम्मी उत्तरं चुकली तर भूतकाळाला हातच लावायचा नाही. गोळी स्त्रीलिंगी आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला क्रियापद गोळीप्रमाणे बदलतं हे सांगून काय साधणार?

लिंग जमत असेल तर अकर्मक वाक्यं घ्या: बस आली, पाणी आलं, डॉक्टर आले. मग 'तिने' लावून सकर्मक: तिने गोळी घेतली, तिने डबा घेतला. आणि सगळ्यात शेवटी तीच वाक्यं 'मी' लावून. 'तिने गोळी घेतली' बरोबर आणि 'मी गोळी घेतलो' चूक, असं आलं तर दुखणं नेमकं सापडलं. 'ने' डोळ्यांसमोर असला की त्याला खूण पटते, 'ने' दिसत नाही तिथे 'मी' क्रियापदाला आपल्याकडे ओढून घेतो. माझ्या वर्गात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

सावकाश विचारलं तर सगळं बरोबर आणि गप्पांच्या ओघात चूक, असं असेल तर नियम पुन्हा सांगू नका. त्याला नियम येतो. त्याला वेग हवा आहे, आणि वेग फक्त बोलून येतो.

एक खूण मात्र चुकीसारखी दिसते आणि आनंदाची असते. विद्यार्थी अचानक 'मी मराठी शिकली', 'मी किल्ली विसरली' असं बोलायला लागतो, कारण मराठी स्त्रीलिंगी, किल्ली स्त्रीलिंगी. पुष्कळ शिक्षक इथे कपाळाला हात लावतात. उलट याचा अर्थ कर्माकडे पाहण्याची सवय लागली, इतकी की अपवादांनाही ती लागू होते आहे. हा टप्पा येतो आणि जातो. त्या दिवशी त्याला शाबासकी द्या. अपवादांचं पुढे बोलूच.

घरची भाषा विचारा, आणि नीट विचारा

तपासणीत काय सापडेल याचा निम्मा अंदाज घरच्या भाषेवरून आधीच येतो.

कन्नड घरातून आलेला माणूस 'दिलो' म्हणतो याचं कारण सरळ आहे. कन्नडमध्ये 'नानु रोट्टी तिंदे', 'अवनु रोट्टी तिंदनु', 'अवळु रोट्टी तिंदळु'. खाणारा बदलला की क्रियापद बदलतं, खाल्लेल्या वस्तूशी त्याला देणंघेणं नाही. शिवाय पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, बाकी वस्तू नपुंसकलिंगी अशी तिथली मांडणी आहे. भाकरी ही 'ती' का आणि डबा हा 'तो' का, हा प्रश्न त्याला पडणारच, आणि त्याचं तर्काने उत्तर नाही हे त्याला स्पष्ट सांगावं. म्हणजे तो कारण शोधत बसत नाही.

मल्याळममध्ये तर क्रियापद कर्त्याप्रमाणेही बदलत नाही. 'ञान वन्नु, अवन वन्नु, अवळ वन्नु': मी, तो, ती, तिघांनाही 'वन्नु'. त्यामुळे केरळच्या मुली सुरुवातीला एकच रूप उचलतात आणि सगळीकडे तेच वापरतात. 'मी गोळी दिला, इंजेक्शन दिला, सलाईन लावला.' त्यांना 'कर्माप्रमाणे बदल' सांगण्याआधी 'शेवट बदलतो' हीच गोष्ट कानाला जाणवून द्यावी लागते. या मुलींना हिंदीतून समजावण्याचा मोह टाळा. त्यांची हिंदीही नोकरीवर शिकलेली असते आणि तिच्यातही 'ने' डळमळीतच असतो. एका अर्धवट भाषेचा टेकू देऊन दुसरी उभी करता येत नाही.

हिंदी घरच्यांना कर्माप्रमाणे बदल नवा नाही, 'मैंने रोटी खाई' ते जन्मापासून म्हणतात. त्यांची अडचण दोन ठिकाणी येते. 'मैंने' मधला 'ने' मराठीत गायब होतो, त्यामुळे 'मी' उघडा दिसला की ते त्याला 'मैं' समजतात. दुसरी अडचण लिंगाची. चाय स्त्रीलिंगी म्हणून 'चहा घेतली', किताब किंवा पुस्तक स्त्रीलिंगी म्हणून 'पुस्तक वाचली', आवाज़ स्त्रीलिंगी म्हणून 'आवाज आली'. यांना सगळ्या नामांची यादी देऊ नका, फक्त जिथे हिंदी आणि मराठी भांडतात तेवढीच नामं द्या. एक ढोबळ सूत्र पुष्कळ उपयोगी पडतं: हिंदीतलं स्त्रीलिंगी बहुतेक वेळा मराठीतही स्त्रीलिंगी राहतं, पण हिंदीतलं पुल्लिंगी मराठीत दोन घरांत वाटलं जातं. डबा, भात, ऊस, गूळ 'तो'कडे राहिले. पाणी, दूध, दही, घर, काम, नाव 'ते'कडे गेले. हिंदीवाल्याने खरा अभ्यास करायचा तो या दुसऱ्या घराचा.

आता 'नीट विचारा' असं का म्हटलं ते. अडतीतला मुलगा 'घरची भाषा हिंदी' असं सांगतो, आणि घरी फोनवर बोलतो भोजपुरी किंवा मैथिली. या भाषांत हिंदीसारखा 'ने' नाही. त्याची हिंदी चांगली असली तरी घाईत 'हम खाना खाए' असंच निघतं. मग त्याला 'मैंने रोटी खाई, तसंच मराठीत' असं समजावलं की तो मान हलवतो आणि पुन्हा 'मी भाकरी खाल्लो' म्हणतो. त्याची चूक हिंदीवाल्याच्या वाटेची नाही, कन्नडवाल्याच्या वाटेची आहे. त्याला कन्नड बोलणाऱ्यांच्या गटात बसवा.

गुजराती सुनांना हे प्रकरण सगळ्यात हलकं जातं. तीन लिंगं घरचीच, 'में रोटली खाधी' म्हणताना क्रियापद रोटलीप्रमाणेच. त्या अडतात एकाच ठिकाणी, 'त्याने मुलीला उठवली'. गुजरातीत कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलत राहतं, मराठीत 'ला' आला की ते थांबतं. एवढी एकच गोष्ट सांगितली की पुरते.

कानाने ऐकलंच नाही, तर तोंडात कुठून येणार?

आता मुख्य उपायाकडे येते, कारण माझ्या मते शिकवण्यातली सगळ्यात मोठी गळती इथे आहे. आपण विद्यार्थ्याला लगेच बोलायला लावतो. वाक्य तयार करा, रिकाम्या जागा भरा. त्याने ते रूप कधी लक्ष देऊन ऐकलेलंच नसतं.

बिल व्हॅनपॅटन यांनी दुसरी भाषा शिकणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी मांडल्या आहेत आणि दोन्ही आपल्या वर्गात रोज दिसतात. शिकणारा आधी अर्थाकडे धावतो, आणि अर्थ एखाद्या शब्दातून कळला की शेवटच्या प्रत्ययाकडे त्याचं लक्ष जात नाही. आणि वाक्यातलं पहिलं नाम हाच करणारा, असं तो धरून चालतो. आता आपलं वाक्य पाहा: 'काल मी गोळी घेतली.' 'काल' म्हटल्यावर भूतकाळ कळला, 'मी' म्हटल्यावर माणूस कळला, 'गोळी' म्हटल्यावर वस्तू कळली. 'घेतली'मधल्या 'ली'ने नवीन काहीच सांगितलं नाही. ऐकणाऱ्याने ते का ऐकावं?

म्हणून वाक्य असं करायचं की त्या शेवटाशिवाय अर्थच लागू नये. आणि मराठीत याची सोय आहे, कारण आपण बोलताना नाम सर्रास गाळतो. 'घेतली का?' एवढंच विचारतो.

टेबलावर तीन वस्तू ठेवा: एक डबा, एक गोळीची पट्टी, एक औषध. शिक्षकाने फक्त म्हणायचं, 'घेतली.' विद्यार्थ्याने गोळ्यांकडे बोट दाखवायचं. 'घेतलं': औषध. 'घेतला': डबा. त्याने तोंडातून एक अक्षरही काढायचं नाही. बोट चुकलं तर शब्द पुन्हा म्हणा, नियम सांगू नका. तीन वस्तू जमल्या की पाच करा, मग क्रियापद बदला: दिली, आणलं, ठेवला, टाकली, पाहिलं. वस्तू विद्यार्थ्याच्या कामातल्या घ्या. सिस्टरसाठी फाईल, बाटली, सलाईन, रिपोर्ट. अडतीतल्या मुलासाठी पोतं, पावती, वजन, ट्रक. वस्तू मिळाल्या नाहीत तर कागदावर चित्रं चालतील, पण लिहिलेले शब्द नकोत. डोळ्यांनी वाचायला लागला की कान बंद होतो.

दोन आठवडे तरी दर वर्गात थोडा वेळ हे ऐकणं चालू द्या. मग उलटं करा. विद्यार्थ्याने मनात एक वस्तू धरायची आणि फक्त क्रियापद म्हणायचं, बाकीच्यांनी वस्तू ओळखायची. आता तोंडातला शेवट चुकला की समोरचा चुकीची वस्तू उचलतो. शिक्षकाला बोलावंच लागत नाही. मोठी माणसंही यात हिरिरीने उतरतात, 'अहो, ली म्हणा ली!' असं एकमेकांना ओरडतात.

या खेळात दोन खड्डे आहेत, ते आधीच टाळा. एक, अनेकवचन. 'औषधं दिली' आणि 'गोळी दिली' यांत क्रियापद सारखंच ऐकू येतं. 'केळी खाल्ली' ऐकून शिकणारा केळीला कायमची स्त्रीलिंगी करून टाकतो, खरं तर ते 'केळं'चं अनेकवचन आहे. पहिले काही आठवडे सगळं एकवचनातच ठेवा आणि केळ्यांना वर्गात आणूच नका.

दुसरा खड्डा छापील भाषेचा. पुस्तकात 'औषध दिले' असतं, 'पैसे दिले' असतं, 'मी आले' असतं, 'पाहुणे आले' असतं. नपुंसकलिंगी एकवचन, पुल्लिंगी अनेकवचन आणि बाईने स्वतःबद्दल बोलणं, सगळ्यांना एकच 'ले'. मराठी घरातलं मूल वाक्यावरून आपोआप निवड करतं. नवख्याला यातून काहीच धरता येत नाही, आणि वर बोलताना सगळे 'दिलं' म्हणत असतात. सुरुवातीच्या वर्गात फळ्यावर आणि वहीत बोलीप्रमाणेच लिहा: 'औषध दिलं.' पुस्तकी 'दिले' नंतर सावकाश दाखवता येतं.

चूक कशी दुरुस्त करायची

सिस्टर म्हणते, 'मी गोळी दिलो.' आपण म्हणतो, 'बरं, तुम्ही गोळी दिली. मग?' आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. तिला वाटतं मॅडमना समजलं. बोलणं पुढे जातं आणि चूक जागच्या जागी राहते.

लिस्टर आणि रांता यांनी 1997 साली कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक सगळ्यात जास्त वापरत होते ती हीच बरोबर वाक्य म्हणून पुढे जाण्याची पद्धत, आणि तिला विद्यार्थ्यांकडून प्रतिसाद सगळ्यात कमी येत होता. विद्यार्थ्याकडून काढून घेण्याच्या पद्धतींना चांगला प्रतिसाद होता. मराठीत हे सोपं आहे: 'तुम्ही गोळी...?' एवढं म्हणून थांबा. आवाज वर ठेवा. ती 'दिली' म्हणेल. नाहीच म्हणाली तर 'गोळी दिला, दिली, दिलं?' असं तीन पर्याय ठेवून विचारा.

पण दर वाक्याला असं अडवलं तर माणूस बोलायचाच थांबतो. माझा प्रघात असा: त्या दिवसाच्या वर्गाचं एकच लक्ष्य ठरवते आणि तेवढ्याच चुकीवर थांबवते, बाकीच्या सोडून देते. आणि वॉर्डात, पेशंटसमोर, दुकानात गिऱ्हाईकासमोर, कधीही नाही. वीस वर्षं नोकरी केलेल्या सिस्टरला आजींच्या समोर व्याकरण शिकवणं हा अपमान आहे, आणि त्या अपमानानंतर ती आजींशी मराठीत बोलणं सोडून देते. ते नुकसान 'दिलो'पेक्षा फार मोठं.

आजूबाजूला जे ऐकू येतं त्याचं काय?

आपल्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात, सोलापूरकडे, घरची भाषा मराठी असलेली माणसंही 'मी काम केलो' म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडे बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. माझ्या घरात आजी असंच बोलायची, आई असंच बोलते. केरळची मुलगी वॉर्डातल्या मावशींकडून मराठी उचलते आणि 'मी आलो' म्हणते, तेव्हा ती चुकत नाही, ती सांगलीची मराठी बोलते आहे.

म्हणून तिला 'मावशी चुकीचं बोलतात' असं कधीही सांगू नये. ते खरं नाही, आणि उद्या ती मावशींशी बोलायला कचरेल. तिला एवढंच सांगते की इथे घरात आणि वॉर्डात 'मी आलो' चालतं, अर्जात, परीक्षेत आणि पुण्याच्या माणसाशी बोलताना 'मी आले' म्हणायचं. मोठ्या माणसांना ही विभागणी लगेच समजते, कारण त्यांच्या स्वतःच्या भाषेतही घरचं आणि लिखित असं वेगळं असतंच. 'मी काम केलो'च्या बाबतीत मी थोडी कडक आहे, कारण ते रूप बसलं की कर्माकडे पाहण्याची सवयच लागत नाही. ज्यांचं सारं आयुष्य त्याच पट्ट्यात जाणार आहे त्यांना मी सूट देते. सरकारी परीक्षा द्यायची असेल तर नाही.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांचंही असंच. इंजेक्शन, ऑपरेशन, सलाईन, बिल यांना 'ते'. रिपोर्ट, फॉर्म, एक्स-रे यांना 'तो'. फाईल, सोनोग्राफी यांना 'ती', याबद्दल फारसं दुमत नाही. 'पेन' आणि 'बेड' यांवर मराठी माणसांतच एकमत नाही. तिथे दोन्ही मान्य करा आणि पुढे चला.

अपवाद : 'मी विसरलो', 'मी शिकले'

काही क्रियापदं कर्म घेतात आणि तरी कर्त्यामागेच जातात. शिकणे, विसरणे, बोलणे, भेटणे, जिंकणे, हरणे, जेवणे, पिणे ही रोजची. बाई साडी 'नेसली', साडी स्त्रीलिंगी म्हणून नव्हे, बाई स्त्रीलिंगी म्हणून. यांची यादी पाठ करून घेऊ नका. वापरातली वाक्यं अख्खी तोंडात बसवा: मी विसरलो, मी खोटं बोलले नाही, आम्ही मॅच जिंकलो, मी चहा प्यायलो.

वॉर्डासाठी मी एक जोडी नेहमी देते, कारण रोज दहा वेळा ती वापरात येते: 'आजी, जेवलात का? गोळी घेतलीत का?' पहिलं क्रियापद आजींकडे पाहतं, दुसरं गोळीकडे. मग गोळीच्या जागी औषध, आजींच्या जागी मामा. 'मामा, जेवलात का? औषध घेतलंत का?' सकाळच्या राऊंडला हे दोन प्रश्न दहा खाटांवर विचारले की वर्गातल्या तासाभराच्या सरावाइतकं काम होतं, आणि पेशंटही खूश होतो.

'वाचणे' मात्र वेगळं काढून दाखवा. 'मी रिपोर्ट वाचला' म्हणजे वाचन झालं. नुसतं 'मी वाचलो' म्हणजे जीव वाचला. सिस्टरने डॉक्टरांना 'मी वाचलो' सांगितलं तर डॉक्टर घाबरतील. हे एकदा हसत सांगितलं की 'वाचलं'चा शेवट कोणी विसरत नाही.

शाळेतल्या वर्गासाठी

2020 च्या कायद्यानंतर राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे इंग्रजी आणि इतर माध्यमांच्या शाळांतल्या शिक्षकांपुढे हाच प्रश्न चाळीस मुलांच्या वर्गात उभा राहतो. एकेकाची तपासणी शक्य नाही. पण 'माझा, माझी, माझं'ची चाचणी वर्गाला एकत्र घेता येते: शिक्षकाने वस्तू उंच धरायची, मुलांनी तीन रंगांपैकी एका रंगाचं कार्ड वर करायचं. कोणाचा हात शेजाऱ्याकडे पाहून वर जातो ते समोरून लगेच दिसतं. तीच कार्डं पुढे 'ला, ली, लं'साठी वापरा.

इतकं करूनही गेलं नाही तर

दहा-पंधरा वर्षं इथे राहिलेला माणूस असतो. मराठी अस्खलित, विनोद कळतात, भांडण मराठीत करतो, आणि 'मी पैसे दिलो' काही सुटत नाही. त्याचं सगळं काम या मराठीवर निभावलं आहे, म्हणून रूप घट्ट बसलं आहे. त्याच्यासमोर संपूर्ण भूतकाळ उभा करू नका. त्याच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारी पाच क्रियापदं मोजा. बहुतेकांची हीच निघतात: दिलं, घेतलं, केलं, सांगितलं, आणलं. त्यांतलंही आधी एकच घ्या. व्यापारी असेल तर 'दिलं'पासून सुरुवात करा: माल दिला, पावती दिली, बिल दिलं, पैसे दिले. दुकानातल्या पोराला सांगून ठेवा की शेठ 'दिलो' म्हणाले की 'काय दिलं?' असं विचारायचं. ते एक क्रियापद आठ-दहा दिवस सलग बरोबर आलं की दुसरं घ्यायचं, आणि बाकीच्या चारांना तोवर हात लावायचा नाही.